माटोळी अंधारात राहिली

— नाही, मला वाटलं होतं आतला कंडेन्सर फुगला असेल, एखादी तार जळाली असेल, म्हापशाला नेऊन द्यावा लागेल, एवढंच. आणि सापडलं काय, तर हे. बसा ना काका, उभे का? आई मागीलदारी आहे, चहा आणील. हा बघा तुमचा फ्लॅश. स्क्रू काढून ठेवले होते, पण उघडायची गरजच पडली नाही.

सेल तपासले — ठीक. सेलच्या खणातल्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. चालू केला तर ती बारीक शिट्टी वाजली, लाल दिवा लागला, टेस्टचं बटण दाबलं आणि डोळे दिपले. म्हणजे कंडेन्सर शाबूत, नळी शाबूत. पण कॅमेऱ्यावर चढवला की मुका. मग राहिला पाय, आणि पायातली मधली पिन, जी कॅमेऱ्याला टेकते. हा क्रम मला शिकवला कुणी? साखळीच्या तुमच्या फोटो स्टुडिओत, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा — तुम्हीच. आधी सेल, मग पट्ट्या, मग पिन, कंडेन्सरचं नाव सगळ्यांत शेवटी. मग परवा, चवथीदिवशी, तुमच्याच घरात हा पेटेना आणि मी रडकुंडीला आले, तेव्हा हातातसुद्धा न घेता कसं म्हणालात, ‘कंडेन्सर गेला बाय, जुनी वस्तू, सोड’? माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण तुमच्यावर संशय कोण घेणार? मी? मी तर दिल्लीच्या हॉस्टेलवर सगळ्यांना तुमच्याच गोष्टी सांगायचे — आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, माटोळी म्हणतात तिला, तिला रानातली फळं बांधतात, कवंडळं, कांगलां, घागऱ्या, आणि आमच्या अनंतकाकांची माटोळी अशी, की तिच्यात मागच्या डोंगरावरचं एकही फळ चुकायचं नाही. तुमचंच पत्र आलं ना, की खाणवाले डोंगर मागतायत, वर नुसती खुरटी झुडपं आहेत असं सांगतायत, सरकारची समिती बघायला येणार आहे, तू ये, माटोळीचे फोटो काढ, त्याहून मोठा पुरावा नाही? ते वाचून मी हातातली नोकरी — असो. ते कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

काय? ओल? ओलीने असं होतं? काका, ओलीने पिन हिरवी पडते. ही चकचकीत होती. नख लावलं तर पापुद्रा निघाला, पारदर्शक, वीज अडवणारा. वास घेतला मी. निगेटिव्हवर डाग झाकायची पेन्सिल चालावी म्हणून तुम्ही बोटाने चोळायचात ते वार्निश — तो टर्पेंटाईनचा वास मी झोपेतही ओळखीन. डिचोलीपासून साखळीपर्यंत आता ती बाटली कुणाकडे उरली आहे, सांगा. ‘तू आधी पातोळ्या खा, कॅमेरा मी बघतो’ म्हणालात, आणि मी खाल्ल्या. दोनदा वाढून घेतल्या. खिडकीच्या उजेडात काढलेले फोटो काल धुऊन आले — मूर्तीचा मुकुट तेवढा दिसतोय, वर सगळा काळोख. आणि तुमचा गणपती दीड दिवसांचा. मूर्ती गेली, माटोळी उतरली.

मान हलवू नका. यशोदाकाकीच काल नेवऱ्या घेऊन आली होती, किती आनंदात — तुमच्या गोपाळला खाणीवर सुपरवायझर घेतायत, अगदी घरी येऊन सांगून गेले म्हणाली. तिला यातलं काही ठाऊक नाही, दिसतंच ते. मी तिच्या हातची नेवरी तोंडात धरून बसले. गोपाळला नोकरी नको असं मी म्हणेन? तुम्ही म्हणाला असतात, ‘बाय, माझे हात बांधलेत, तू नको येऊस’ — तर राग आला असता, भांडले असते, पण आले नसते. बोलावलंत तुम्ही. बोलावून माझ्याच हातात मुका फ्लॅश दिलात, आणि वर माझ्या पाठीवरून हात फिरवलात. तो हात — मला त्या हाताचंच जास्त लागलंय, डोंगराचं नंतर. हे मला बोलायचं नव्हतं.

काल निजताना ठरवलं होतं, पिन पुसायची आणि गप्प बसायचं. घरातली गोष्ट. समितीला सांगायचं, फ्लॅश बिघडला. तुम्हीही याच भरवशावर होता ना, की पोरगी काकाचं नाव बाहेर काढणार नाही? सकाळी उठून तोंड धुताना मात्र कळलं, की असं सांगितलं तर ते वार्निश मीही चोळल्यासारखंच. तेव्हा ठरलं. माझ्या मैत्रिणीकडे, देवकीकडे, गणपती पाच दिवसांचा आहे, तिच्या सासऱ्यांनी, महादेवभाऊंनी, त्याच डोंगरावरून फळं आणलीत, माटोळी अजून वर आहे. मी आता तिकडे निघालेय. आणि समितीने विचारलं, तुमच्या काकांच्या माटोळीचे फोटो असे का, तर मी सांगणार. तुमचं नाव घेऊन सांगणार, तुमच्यासमोर.

नको, चहासाठी थांबू नका आता. बाजूला व्हा, मला चपला घालू द्या.