माऊस डब्यातच राहतील

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले संचालक श्री. ओबर्ग, व्यासपीठावरच्या नगरसेविका श्रीमती डेलेनी, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती लॉर्नामावशी हापाला, आणि एवढ्या बर्फातून वाट काढत आलेल्या सहकाऱ्यांनो, प्रवाशांनो,

मी कलिया थाव. या कचेरीत सगळ्यांत नवी, आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर. निघताना आई म्हणाली, "साहेबांपुढे फार बोलू नकोस." तिचं ऐकायचं ठरवलं होतं. तिकडे सूप निवतंय, हेही दिसतंय. पण मला भीती वाटते आहे, आणि ती सांगितल्याशिवाय खाली बसता येणार नाही.

मावशीला दिसत नाही. वृद्ध आणि अपंग प्रवासी घरपोच गाडी मागवतात त्या आपल्या वेबसाइटचं प्रत्येक पान आधी तीच तपासते. कानात संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा आवाज, बोटं कीबोर्डवर. नवं पान सुरू करण्याआधी सगळ्यांचे माऊस बिस्किटांच्या निळ्या डब्यात आणि डबा तिच्या मांडीवर, म्हणजे सगळ्यांनी तिच्यासारखं नुसत्या कीबोर्डवर पान चालवून बघायचं, ही आपली रीत. पहिल्याच आठवड्यात मी माझा परत मागायला गेले.

"का गं, हात मोडलाय?"

"नाही, सवय आहे."

"मग बस. सवय मोडली की ये."

या वेळी घाई होती. डबा फिरलाच नाही.

गुरुवारी नवं पान आपल्या कर्मचाऱ्यांपुरतं सुरू झालं. मावशीने त्यावरून घरी जायची गाडी मागवली. नोंद झाली. मग 'पायऱ्यांवर हात धरायला चालक हवा' या खुणेच्या चौकोनाकडे जायला तिने एक्स दाबला. पडदा ऐकणारी माणसं चौकोनाकडे अशीच जातात. पण या पानाने कीबोर्डच्या सगळ्या कळा स्वतःकडे घेतल्या आहेत, आणि तिथे एक्स म्हणजे गाडी रद्द. वर एक लाल पट्टी उमटली. ज्याला दिसतं त्याच्यासाठी. आवाज काहीच बोलला नाही.

मी निघाले तेव्हा सरोवरावरून वारा नुसता कापत होता. थांब्यावर मावशी उभी.

"अगं मावशी, तू अजून इथे?"

"गाडीला उशीर झालाय. येईलच."

तिचे ओठ निळे पडले होते. फोन थंडीने बंद. मी माझ्या फोनवरून चौकशी केली आणि तिला सांगितलं: गाडी रद्द, प्रवाशाच्या विनंतीवरून.

"माझ्या विनंतीवरून? इतकी वेडी कधी झाले मी?" ती हसली. मला रडू आलं, तर म्हणाली, "रडू नकोस, पापण्या गोठतील."

माझ्या गाडीत बसल्यावर मात्र तिने माझा हात सोडला नाही. उतरताना हळूच म्हणाली, "मी उद्या चूक शोधून काढीन गं. बाकीच्यांना वाटत राहील, गाडी येतेच आहे."

तिने चूक शोधली, दाखवलीही. ट्रेव्हर, पान तू बनवलंस, आणि तू म्हणालास, "सोमवारी सगळ्यांना सुरू करू. तक्रार आली की बघू." साहेब, तुम्ही मान डोलावलीत. थांब्यावर गोठत उभा असलेला माणूस तक्रार कशी करणार? गाडी रद्द झाल्याचं त्याला कळलेलंच नसेल, तर?

काल मावशीने डबा माझ्या हातात दिला. म्हटलं, "मला भीती वाटते." ती म्हणाली, "वाटू दे. मला रोज वाटते. म्हणून तर तपासते."

आता जरा इकडे ऐका. मघाशी सगळे सूपच्या टेबलाकडे वळलात, तेव्हा मी वर कचेरीत जाऊन आले. अध्यक्षमहोदय, तुमचा माऊस या डब्यात आहे. ट्रेव्हर, तुझाही. ते पान सुरू करण्याआधी पडदा झाका, गाडी मागवा आणि एक्स दाबा. गाडी रद्द झाली नाही, तर डबा मी स्वतः उघडीन. तोवर माझी नोकरी तुमच्या हातात आणि तुमचे माऊस माझ्या.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्याबद्दल आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर नवखी म्हणून पोटात घाला.

आणि मावशी, आज गाडी मागवू नकोस. मी सोडते तुला.