पूर्वपक्ष

अण्णा : विरोधकाची बाजू आधी त्याच्याहून चांगली मांडावी, मगच ती खोडावी. त्याचं पुरतं न ऐकता केलेला न्याय हा न्यायच नव्हे. याला पूर्वपक्ष म्हणतात, बाळ. चाळीस वर्षं मी हेच शिकवलं.

मुलगी : आणि पेपरवाल्यांनी तुमच्या पत्रातला तेवढाच छापला.

अण्णा : उत्तर खाली होतं.

मुलगी : जागा कमी पडली की ते पत्र खालून कापतात. मी फोन केला होता. माझ्यावरच्या व्यंगचित्राबद्दल काय छापलंय, वाचू? "व्यंगचित्रातील परिचारिका इंजेक्शन माइकप्रमाणे तोंडाशी धरून उभी आहे, मागे रुग्ण ताटकळला आहे. चित्र कठोर आहे, असत्य नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत." वर मथळा, 'पित्याचे परखड बोल'.

अण्णा : मी तुझा पिता, हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. वाचकापासून लपवू नये म्हणून.

मुलगी : तेवढं बरं कापायचं राहिलं हो! ऑक्सिजनचं यंत्र तीन दिवस बंद होतं आणि रजिस्टरात चालू दाखवलं, म्हणून मी पत्रकारांपुढे बोलले, ते कुठे लिहिलंत?

अण्णा : उत्तरात.

मुलगी : म्हणजे गेलं. "असे कोणी म्हणेल", एवढे तीन शब्द तरी घालायचे!

अण्णा : शास्त्रात दर वेळी घालत नाहीत. जाणता ओळखतो.

मुलगी : जाणत्यांनीच ते कापून वॉर्डाच्या फळ्यावर लावलंय. आज अकराला चौकशी. नोकरी राहते की जाते, ते ठरेल. समितीपुढे पहिला कागद तुमचाच असणार. किती ओळी होत्या त्यांच्या बाजूला?

अण्णा : चौदा.

मुलगी : आणि माझ्या?

अण्णा : ...नऊ.

मुलगी : लहानपणीही असंच. शेजारचे तक्रार घेऊन आले की आधी त्यांची बाजू. माझी पाळी येईपर्यंत मी झोपून जायचे.

(अण्णा टेबलावरचा कागद ओढून काहीतरी लिहितात.)

मुलगी : आता काय?

अण्णा : दुसरं पत्र. "माझी मुलगी खरं बोलली."

मुलगी : पुढे?

अण्णा : पुढे काही नाही. कापायला जागाच ठेवली नाही.

मुलगी : आणि पूर्वपक्ष?

अण्णा : तो छापून झाला.

मुलगी : हे छापून येईल शनिवारी. तोवर निकाल लागलेला असेल, अण्णा.

अण्णा : मग हा कागद घेऊन मीच येतो. दाराशी बसेन.

मुलगी : बसा. पण कुणाला काही समजावू नका.

अण्णा : नाही समजावणार. चल. तुझं कल्याण होवो. त्या चित्रकाराचं, अन् पत्र कापणाऱ्याचंही होवो.

मुलगी : झालं! पुन्हा त्यांची बाजू?

अण्णा : जन्माची खोड आहे, पोरी. पण आज तुझं नाव आधी घेतलं.