पाचवं नाव

(स्फाक्सच्या विद्यापीठात प्राध्यापक लमजद यांची खोली. समोर त्यांची विद्यार्थिनी हाजर, मांडीवर तिची दात येत असलेली मुलगी दोर्रा.)

हाजर : ...नाही उस्ताद, ठरवूनच आलेय. टोपॉलॉजीला माझं नाव घाला.

लमजद : आणि विमागणित?

हाजर : दोन्ही मंगळवारी दहालाच. आणि आई हिला सांभाळते ती मंगळवारीच. एकच काय ते जमेल.

लमजद : परवापर्यंत विमागणित म्हणत होतीस.

हाजर : अगं दोर्रा, टोपी चावू नकोस आजोबांची.

लमजद : चावू दे. तू बोल. विचार कुणी बदलला?

हाजर : काल टोपॉलॉजीला नाव दिलेली ती चौघं घरी आली होती. मकरूदचा डबा घेऊन. म्हणाली, पाचवं नाव नाही मिळालं तर उस्तादांचा वर्ग बंद.

लमजद : म्हणजे माझा वर्ग आता मिठाईवर चालायचा.

हाजर : थट्टा नका करू. निवृत्तीचं वर्ष तुमचं.

लमजद : माझं काय घेऊन बसलीस? शाळेत शिकवायचं तर भूमिती घ्यावी, बँकेत जायचं तर संभाव्यता. टोपॉलॉजी घेऊन माझ्यासारखं म्हातारं होता येतं फक्त. तुझ्या नवऱ्याची, स्लीमची, बंदरावरची नोकरी उन्हाळ्यात संपतेय ना?

हाजर : हो.

लमजद : आणि विमा कंपनीवाले विमागणित नसेल तर मुलाखतीलाही बोलवत नाहीत.

हाजर : माहितीये हो सगळं. पण कोण कधी मरेल याचे हिशेब मला नाही आवडत. तुमच्या तासाला मी कुणाची आई नसते, कुणाची सून नसते. तेवढाच तास असतो मला.

लमजद : म्हणून तर बोलताना जीभ जड होतेय. तुला ठेवून घ्यावं असं मलाही वाटतं. पण विमागणित घे, पोरी.

हाजर : आणि वर्ग?

लमजद : बंद. पहिल्या वर्षाची पोरं देतील मला. ती मागे झोपतील, मी फळ्याशी बोलेन. हा विमागणिताचा अर्ज, कर सही.

हाजर : ...केली.

लमजद : झोपली वाटतं ही.

हाजर : आत्ताच लागलाय डोळा.

लमजद : मग लगेच उठू नकोस. टोपॉलॉजीच्या पहिल्या तासाला जे सांगणार होतो, ते बघून जा.

हाजर : दाखवा. फक्त खडू हळू चालवा, उस्ताद. आवाजानं उठते ती.