खुंटीवरची कात्री

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. धाकटीच्या काखेत कागदात गुंडाळलेली नव्या पार्लरची पाटी होती.

“ताई, उद्या कोणी आलंच नाही तर?”

“येतील गं. आरसे लागले ना?”

“सगळं झालंय.”

“मग तुझी कात्री अजून मॅडमच्या पार्लरात खुंटीला कशी? आज कामावर गेले तर तिथेच लटकलेली. विसरलीस की काय?”

“विसरले नाही. कात्री खुंटीला असेपर्यंत मॅडम ती खुर्ची दुसरीला देत नाहीत. तुला माहीतच आहे.”

“म्हणजे मुद्दाम ठेवलीस!”

“नाहीच चाललं तर परत जाता येईल ना.”

“आणि उद्या केस कशाने कापणार, दातांनी?”

“नवी घेतलीय. पण हातात बसत नाही गं. काल तुझ्या लेकीचे केस कापताना सारखी घसरत होती.”

“तरीच! एक बाजू कानावर, एक खांद्यावर. अगं, मग ती जुनी काढून आण.”

“आणली की खुर्ची गेली. मग मागे काहीच नाही.”

“बस आली, चल.”

“आधी सांग, मॅडमच्या स्टॉपवर उतरू, की सरळ घरी जाऊ?”

“मला नको विचारूस.”

“तुला नाही तर कुणाला विचारू?”

“माझीही पाटी रंगवून तयार होती. अजून पलंगाखाली आहे. आणि माझी कात्री तुझ्या शेजारच्याच खुंटीला.”