माशांचं सोवळं

...आता मासा पाण्यात राहतो हे मलाही कळतं, चौथीतून शाळा सोडली असली तरी एवढं कळतं, पण कुठल्या पाण्यात, हे मला कुणी शिकवलं होतं का? तुम्हाला सांगतो, पाणी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. माझं लग्न झालं गेल्या वैशाखात, बायको भुसावळची, सासरे रेल्वेत गार्ड, त्यांना कुण्या गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना तीन सोनेरी मासे दिलेले, ते काचेच्या हंडीत घालून, हंडी मांडीवर धरून ही बुऱ्हाणपूरला आली. आईनं ओवाळायच्या आधी हंडीत डोकावून पाहिलं. "खायचे का गं हे?" "नाही आई, पाळायचे." "मग ये आत."

आमच्या घरात नवराबायकोनं मोठ्यांसमोर बोलायचं नाही, आणि मी तर मोठे नसले तरी बोलत नाही, स्वभावच तसा... तर पाचव्या दिवशी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, ते काय? "माझे मासे जगतील ना इथं?" मी म्हटलं, "जगतील." जन्मात पहिल्यांदा कुणाला शब्द दिला, आणि आठवड्याच्या आत एक मासा पोट वर करून तरंगत होता. पाणी म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

त्याचं असं झालं, आमच्याकडे रोज पहाटे रात्रीचं पाणी ओतून द्यायचं, हंडे घासायचे आणि कुंडीचं, म्हणजे जमिनीखालून खेळवलेल्या झऱ्याच्या विहिरीचं, ताजं पाणी भरायचं. शिळं पाणी माणसाला द्यायचं नाही, मग माशांनीच काय पाप केलंय? आई रोज मासे तांब्यात काढायची, हंडी राखेनं घासायची आणि काठोकाठ ताजं पाणी भरायची. मायेनं हो, अगदी मायेनं. त्यात आमचे वडील, दादा, म्हणाले, "तुरटी फिरव दोनदा. तापीला पूर आला की आपण काय करतो?" आणि स्वतःच फिरवली. पाणी असं नितळ झालं की मासे हवेत लटकलेत असं वाटावं... आणि तेही बिचारे वर येऊन तोंड उघडून हवाच मागत होते.

मी सासऱ्यांना कार्ड टाकलं. उत्तर आलं, ते रात्री हिच्यासमोर बोट ठेवून ठेवून वाचलं. 'तुमच्याकडचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. माशांना ते हळूहळू सोसतं. भरलेलं पाणी एक दिवस तसंच ठेवा. आठवड्यातून एकदा फक्त तिसरा हिस्सा बदला. राख, तुरटी बंद.'

म्हणजे शिळं पाणी. आता हे आईला सांगणार कोण? मी तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. एकदा मीठ मागून परत आलो, एकदा नुसताच परत आलो, आणि तिसऱ्यांदा आईच म्हणाली, "गिरधर, पोट दुखतंय का रे?" मी म्हटलं, "हो." काय करणार... ओव्याचं पाणी प्यावं लागलं.

शेवटी चुलीपाशी बसलेली ही खाली मान घालून म्हणाली, "आई, माशांचं पाणी सोवळ्यातलं असतं. आदल्या दिवशी भरायचं, मग कुणी शिवायचं नाही." "अगं, मग आधी नाही का सांगायचं, सुमन? आमच्या हातून किती विटाळ झाला." त्याच दिवशी नवा माठ आला, कोपऱ्यात तिवईवर बसला, वर पांढरं फडकं. तेव्हापासून दोन्ही मासे धडधाकट आहेत, सुपारीएवढे होते ते लिंबाएवढे झाले. आणि दर शनिवारी ही मला विचारते, "तिसरा हिस्साच ना?" मी म्हणतो, "तिसराच." एवढं बोलणं होतं आमचं. पुष्कळ झालं की...

पण तुम्हाला सांगतो, यंदाचं ऊन. दुपारी दुकानातून येतो, घशाला कोरड, आमच्या पितळी हंड्यातलं ताजं पाणी तापून कोमट झालेलं, आणि कोपऱ्यात तो माठ गारेगार पाझरतोय. काल धीर करून म्हटलं, "आई, त्यातलं एक भांडं..." "शिवू नकोस. त्यांचं उद्याचं आहे ते." दादांनी मान डोलावली. ही पदर तोंडाशी धरून हसली.

मग काय, घेतलं कोमट पाणी. जगतील म्हणून शब्द दिला होता ना मी... जगताहेत.