शनिवारची बस

हुपरीच्या बसला उशीर होता. रांगेत माझ्यापुढं दोन म्हातारे बोलत उभे होते. एक कोल्हापूरचा. दुसरा मूळचा अलिबागचा ज्यू, तीस वर्षं इस्रायलात राहणारा, इकडं पाहुणा म्हणून आलेला.

“आज लई गर्दी हाय, पावणं. उद्या जावा की.”

“उद्या शनिवार, आमचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस. आज सूर्य मावळला की उद्या संध्याकाळपर्यंत मी गाडीत बसत नाही.”

“मग तुमच्या देशात शनिवारी बस बंदच असंल.”

“बहुतेक ठिकाणी बंद. आमच्या गावात सुरू करायची का, म्हणून लोकांचं मत घेतलं. मी सुरू करा म्हटलं.”

“आन् बसणार न्हाय?”

“मी नाही. पण खालच्या मजल्यावर फातमाबाई राहतात. त्यांचा नवरा इस्पितळात. शब्बाथ माझा, मग पायपीट त्यांनी का करायची?”

“तुमची माणसं गप बसली?”

“कुठली. भाऊ म्हणाला, मग ज्यूंचा देश कशाला केला? मी म्हटलं, घर आपलं आहे, म्हणूनच दुसऱ्याची सोय आपण बघायची. पोलीस लावून पाळला, तर तो शब्बाथ पोलिसाचा.”

“मग?”

“भाऊ बोलत नाही. तिथं असलो की मी दर शुक्रवारी त्याला जेवायला बोलावतो.”

“आमी लिंगायत. घरात अंडं बी येत न्हाय. गल्लीतलं मटणाचं दुकान उठवा म्हणून अर्ज लिवलाय.”

“तुम्ही सही केलीत?”

“पैली सही माझीच हाय.”

“बरं.”

“बरं काय त्यात. अर्ज अजून माझ्याच खिशात हाय. गाडी आली बघा. चढा, दिस मावळायच्या आत परत याचं हाय तुमास्नी.”