गच्च आवळून दिलं

माझं नाव सुमन. गाव म्हणाल तर हेच, कोल्हापूर, मंगळवार पेठ. आधीच सांगून ठेवतो पावणं, मी बाई हाय पण आलो-गेलोच म्हणतो, आमच्यात बायका असंच बोलत्यात, लिवताना ते सुधारू नगासा. आबांचं, म्हंजे माझ्या वडलांचं, सायकलचं दुकान, तेच आत्ता माझं. मला दिलं हुतं गडहिंग्लजला, नवरा चार वर्सांत काविळीनं गेला, सासरच्यांनी दार दाखवलं, मी सव्वीस वर्सांची परत आलो तर आबांनी रडू बी दिलं न्हाय, हातात पाना दिला आणि म्हणलं, बस हितं. बाईमाणूस पंक्चर काढतंय म्हणून पेठ हसली. हसू द्यात की, चाकात हवा मीच भरत हुतो त्यांच्या.

आबांचं एकच सांगणं, गच्च आवळ. कंपनीवाला बोल्ट सैलच सोडतो, खोक्यातनं सायकल निघाली की दिसंल तो बोल्ट आपल्या हातानं पुन्यांदा आवळायचा, मगच गिऱ्हाइकाला द्यायची. शेवटी सायकल वीतभर उचलून भुईवर आपटायचं, खडखड वाजली की माझ्या डोक्यात टपली. ढिलं काम दिलंस तर कुणाचा तरी जीव जाईल, म्हणायचं. आबा गेलं, पण ते गच्च आवळ माझ्या मनगटात बसलं ते बसलंच. एवढ्या वर्सांत माझ्या हातानं बसवलेलं पेडल कधी निखळलं न्हाय, खोटं सांगत न्हाय. लई गर्व हुता मला त्याचा.

तर चौगुले सर. हायस्कूलला चित्रकला शिकवायचं, रिटायर झालं आणि साखर निघाली, डॉक्टर म्हणलं सायकल चालवा. मग साधी सायकल घ्यावी का न्हाय माणसानं? न्हाय. वाकड्या हँडलची, पातळ टायरची, रेसची घेतली. पोट सुटलेलं, अंगात ती घट्ट विजार, पेठेतनं निघालं की बायका तोंडाला पदर लावायच्या. मी तर तोंडावर म्हणायचो, सर, पोट घरी ठेवून जावा की, चढाला हलकं जाईल. हसायचं नुसतं. पण चार महिन्यांत साखर उतरली आणि पोट बी उतरलं बगा. येता-जाता दुकानात बसायचं, कागदाच्या तुकड्यावर माझा पंप, माझा हात, असं कायबाय काढायचं. माझ्यापेक्षा थोरलं, तरी मला ताई म्हणायचं.

एक दिवस मोबाइल घेऊन आलं, म्हणलं, ताई, क्लिपलेस पेडलं घ्यायची हायत. म्हंजे बुटाच्या तळव्याला लोखंडी पट्टी असती, ती पेडलात दाबली की खटकन बसती, पाय जखडतो, टाच भाईर झटकली की सुटतो. मी म्हणलं, नावात क्लिप न्हाय आणि पाय तर अडकतोय, हे कसलं वो नाव? तर म्हणलं, पूर्वी पेडलला पिंजरा असायचा आणि पट्ट्यानं पाय बांधायचं, त्या पिंजऱ्याला क्लिप म्हणायचं, ती गेली म्हणून क्लिपलेस. दोन तऱ्हा हुत्या. एक रेसवाल्यांची, मोठी पट्टी, बुटाच्या तळाला भाईर आलेली, चालायला लागलं की बदकागत. दुसरी डोंगरात चालवायच्या सायकलची, पट्टी बारकी, तळव्यात लपलेली, पेडलच्या कुठल्या बी बाजूनं पाय बसतो. सरांचा जीव पहिलीवर. मी म्हणलं, तुमी दर दोन मैलाला चहाला थांबणार, तसल्या बुटानं टपरीवर घसरून पडशीला, दुसरं घ्या. ऐकलं त्यांनी. निवड बरोबर हुती पावणं, आज बी नवशिक्याला मी तेच सांगतो.

पार्सल आलं. असलं पेडल माझ्या हातात पहिल्यांदाच. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, ते काय मला सांगायला नगो, बसवलं. मग दिसलं की पेडलच्या दोन्ही बाजूंना एकेक बारका स्क्रू हाय, शेजारी प्लस आणि मायनस कोरलेलं. पाना लावला तर सैल. संगं कागद आलता, इंग्रजीत, सर तिथंच बसलंतं, वाचा म्हणलं असतं तर वाचला असता. मी म्हणलंच न्हाय. कंपनीवाल्यानं सैल सोडलंय, दुसरं काय. चारी स्क्रू प्लसकडं फिरवलं, हात थांबंपर्यंत. काय सांगू तुमास्नी, पाय किती जोरात धरायचा त्याचा तो स्क्रू हुता. मी त्याला साधा बोल्ट समजलो.

सरांनी भिंतीला धरून पाय घातला, काढला. काढताना लई झटका द्यायला लागला, तोंड लाल झालं. मी म्हणलं, नवं हाय, वापरून मोकळं हुईल. हे बी मीच म्हणलं.

पाचव्या दिवशी सकाळी, हातकणंगल्याच्या रस्त्याला, एका फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर वळत हुता, मागं दोन ट्रॉल्या. सर कडंला थांबलं. थांबलं म्हंजे ब्रेक दाबला आणि डावा पाय टेकायला गेलं, पाय निघंना. उभी सायकल किती दम धरणार? टाच झटकता झटकता तोल गेला आणि उजवीकडं कललं, ट्रॉलीच्या बाजूला, तो पाय बी जखडलेलाच. पहिली ट्रॉली गेलती, दुसरी यायची हुती. संगं सायकल चालवणाऱ्यांनी सांगितलं हे मला. तिसऱ्या दिवशी सर दवाखान्यातच वारलं.

पोलिसांकडनं सायकल सुटली तशी सरांच्या भावानं माझ्याकडंच आणून ठेवली. डाव्या पेडलला बूट तसाच. माणूस बुटातनं काढला लोकांनी, बूट पेडलातनं निघाला न्हाय. मी सायकल गुडघ्यात धरून दोन्ही हातांनी बूट पिळला, सुटंना. मग पाना घेतला, स्क्रू मायनसकडं फिरवत गेलो, फिरवत गेलो, आणि बूट अलगद हातात आला. तवा कळलं मला. मी खाली बसलो, बूट मांडीवर, दुकान उघडंच.

आठ महिने गप ऱ्हायलो. वहिनी, म्हंजे सरांची बायको, रस्त्यात दिसल्या की मी बोळात शिरायचो. आबांचा राग यायचा. मेलेल्या बापाचा राग राग केला मी, चूक माझी असून.

मग एक दिवस वहिनीच दुकानात आल्या. म्हणल्या, सायकल भाचीला द्यायची हाय, तेवढं साधं पेडल बसवून दे. मला ऱ्हावलं न्हाय. सगळं सांगितलं, स्क्रू दाखवला, प्लस दाखवला, म्हणलं, वहिनी, तुमचं कुंकू माझ्या ह्या हातानं पुसलं. मला वाटलं आता थोबाडीत बसती. बसावी असंच वाटत हुतं.

त्या बाकड्यावर बसल्या. म्हणल्या, सुमन, मला ठावं हाय. पडायच्या आदल्याच दिवशी त्यांच्या संगतीतलं कोण तरी त्यास्नी म्हणलं हुतं, सर, हे लई आवळलंय, सैल करून घ्या. घरी येऊन मला सांगत हुतं. मी म्हणलं, मग करा की, पाना हाय घरात. तर म्हणलं, ताईनं आवळलंय न्हवं? मग बरोबरच असंल. तिच्या कामाला आपण हात लावायचा न्हाय.

एवढं बोलल्या आणि पदरानं तोंड पुसून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी जगलो असतो वो.

दुकान चालूच हाय, पोट कुठं सोडतंय. भाचीची सायकल गेली साध्या पेडलवर. तो बूट वहिनींनी नेला न्हाय, मी बी टाकला न्हाय, तिथं मागं खिळ्याला हाय बगा. असली पेडलं घेऊन कोण आलं तर आधी चारी स्क्रू मायनसकडं, मग कागद मोठ्यानं वाचून घेतो त्याच्याकडनं, मग भिंतीजवळ वीस डाव पाय काढायला लावतो, त्याशिवाय सोडत न्हाय. आणि कोण म्हणलं, ताई, तुमी केलंय म्हंजे बरोबरच असंल, तर त्याच्या हातात पाना देतो. म्हणतो, तसं म्हणू नगंस बाबा, तू तुझ्या हातानं बग. जा, सुखानं जा, आणि थांबशील तिथं तुझा पाय भुईला टेकू दे.